वेबसाइटची तारीख का हुकते?

प्रश्न : डेव्हलपरने सहा आठवडे सांगितले होते, तीन महिने झाले तरी वेबसाइट लाइव्ह नाही. नेमकं अडतं कुठे?

उत्तर : बहुतेकदा कोडमध्ये नाही, मजकुरात. तो तुमच्याकडून यायचा असतो. तोवर डिझाइन नमुना मजकुरावर उभं राहतं आणि खरा मजकूर तिप्पट निघाला की मांडणी मोडते. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खोट्या व्यवहारांवर, सुरळीत चालतो, पण लाइव्ह करण्याआधी कागदपत्रांची पडताळणी होते, म्हणून त्यासाठीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तिचा टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, 86400 सेकंद (एक दिवस) असेल, तर सर्व्हर बदलल्यावर काहींना दिवसभर जुनीच साइट दिसते. सर्व्हर बदलण्याच्या किमान एक दिवस आधी टीटीएल 300 सेकंदांवर आणा. आणि तुम्ही मधेच मागता ते ‘एवढं एकच बटण’ म्हणजे फॉर्म, डेटाबेस, ईमेल, मोबाइलवरची चाचणी! वेळेचा अंदाज देताना हे डेव्हलपरही विसरतात.