रिपोर्ट नॉर्मल, मग आईला होतंय तरी काय?

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची. सहा महिन्यांपासून तिचं अंग ठणकतं, डोकं भणभणतं, हातापायांना मुंग्या येतात. थायरॉइड, साखर, बी-१२, ईसीजी सगळं नॉर्मल. सलाईनही लावून झालं. आता आमचे डॉक्टर म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आई म्हणते, "मी काय वेडी आहे का?" दुखतंय अंग, तर मनाचं का काढायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : अंग खरंच दुखतंय, हे आधी आईंना सांगा. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हटलं की पेशंटला 'ढोंग करतेस' असं ऐकू येतं. मीही कितीतरी वर्षं तेवढं बोलून मोकळी व्हायचे. एक बाई दर बाजाराच्या दिवशी सलाईन मागायला यायच्या. एकदा बीपीचा पट्टा सोडवताना सहज विचारलं, "भाजी निवडताना रेडिओ लावता ना अजून?" त्या रडायलाच लागल्या. रेडिओ दिवाळीपासून बंद होता.

नैराश्य असलं तरी 'मी उदास आहे' म्हणत दवाखान्यात कुणी येत नाही. अशक्तपणा, गॅस, धडधड, पहाटे तीनला जाग, असंच सांगतात. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या : गेल्या दोन आठवड्यांत आवडीच्या कामात मन लागेनासं झालंय का? खिन्न, निराश वाटतं का? प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर नऊ प्रश्नांची पूर्ण यादी. तिच्यात शेवटी जगणं नकोसं वाटतं का, हेही येतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाई मोकळी होते.

गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी अशा पेशंटना सांभाळलं, आणि जास्त जण बरे झाले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. मी खासगीवालीच, त्यामुळे हे जरा झोंबतं.

तज्ज्ञांकडे जायला आई तयार नसतील तर तुमच्या डॉक्टरांनाच उपचार सुरू करता येतील का ते विचारा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची चटक लागत नाही, पण मनाने बंद करू नका. चटक लागते ती झोपेच्या गोळ्यांची, त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. मधल्या काळात १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं त्या बोलल्या, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आणि दवाखान्यात पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा. लेकरांसमोर आया बोलत नाहीत.