निवडणुकीसाठी थांबावं का, आणि ती कधी व्हायला हवी

ओंकार, तुझा लांबलचक मेसेज काल हॉस्पिटलच्या रात्रपाळीवरून घरी येताना बसमध्ये वाचला. मँचेस्टरची नोकरी जवळजवळ पक्की झाली हे वाचून फार बरं वाटलं. पण दादा आणि वहिनी तुला थांबवताहेत. ‘तिथलं सरकार कधीही निवडणूक लावेल, नवं सरकार आलं की परदेशी लोकांचे नियम फिरतील, निवडणूक होऊन जाऊ दे मग बघू,’ असं त्यांचं म्हणणं. आणि तू मला विचारलंस: आत्या, ही निवडणूक नक्की कधी आहे, आणि तुझ्या मते कधी व्हायला हवी?

दोन्हींची उत्तरं देते. मी इथे ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१६ ला आले, म्हणजे ब्रेक्झिटचं सार्वमत होऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून तीन सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या, तिन्ही मुदतीआधीच्या, आणि तिन्हींत मत दिलं. त्यामुळे या विषयावर मला खरंच पोटतिडकीने बोलावंसं वाटतं.

आधी कायदा. इथेही निवडणूक आयोग आहे, पण तारीख त्याच्या हातात नाही. तारीख पंतप्रधान ठरवतात आणि राजाकडे जाऊन संसद विसर्जित करायची विनंती करतात. मधे २०११ मध्ये हा अधिकार काढून घेतला होता. दर पाच वर्षांनी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मतदान, असा कायदा केला होता. त्या कायद्याप्रमाणे वेळेवर झाली ती एकच, २०१५ ची निवडणूक. २०१७ ला दोन तृतीयांश खासदारांची संमती घेऊन मुदतीआधी निवडणूक झाली, २०१९ ला त्यासाठी वेगळा कायदाच केला, आणि २०२२ मध्ये मूळ कायदा रद्द करून अधिकार पुन्हा पंतप्रधानांकडे दिला. आता अट एकच: संसद पहिल्यांदा भरली त्या दिवसापासून पाच वर्षांनी ती आपोआप विसर्जित होते, आणि त्यानंतर कामाच्या २५ दिवसांनी मतदान. सध्याची संसद ९ जुलै २०२४ ला पहिल्यांदा भरली. म्हणजे फार ताणलं तर मतदान २०२९ च्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत जाईल. त्याआधी केव्हाही होऊ शकतं. पंतप्रधान बदलले तरी निवडणूक घ्यावीच लागते असं नाही. २०२२ मध्ये एका वर्षात तीन पंतप्रधान झाले आणि लोकांना एकदाही विचारलं नाही.

आता तुझं गणित बघ. तुझा व्हिसा पाच वर्षांचा. तू कधीही आलास तरी त्या पाच वर्षांत एक निवडणूक जवळजवळ नक्की येणार. थांबून तू ती टाळणार नाहीस, फक्त वयाची दोन-तीन वर्षं घालवशील.

आणि वहिनीला एक गोष्ट समजावून सांग, कारण तिची भीती खोटी नाही, पण रोख चुकलाय. व्हिसाचे नियम निवडणुकीने बदलतात त्यापेक्षा जास्त वेळा दोन निवडणुकांच्या मधे बदलतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, गृहखातं संसदेत बदलांचं निवेदन ठेवतं आणि साधारण तीन आठवड्यांत ते लागू होतं. एप्रिल २०२४ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली. मजूर पक्षाचं सरकार आलं, लोकांना वाटलं आता सैल होईल. १ जुलै २०२५ ला निवेदन आलं आणि २२ जुलैपासून ती अट ४१,७०० झाली. बाहेरून केअर वर्कर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणारे, आणणंही त्याच दिवशी बंद झालं. त्या तीन आठवड्यांत आमच्याकडच्या एका केरळच्या मुलीने तिच्या बहिणीच्या कागदांसाठी केलेली धावपळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा नाही, फोन कानाला, आणि समोरच्या वहीत तारखांवर काट. बहिणीचं काम झालं नाही.

तेव्हा निवडणुकीवर लक्ष ठेव, पण त्या निवेदनांवर जास्त.

कायम राहण्याच्या परवान्याचं, म्हणजे आयएलआरचं, मात्र निवडणुकीशी खरंच नातं आहे. तुझ्या व्हिसाला अर्जाच्या दिवशीचे नियम लागतात. आयएलआरसाठी अर्ज करशील तेव्हा त्या दिवशी जे असतील ते. मला २०२१ ला पाच वर्षं भरताच मिळाला. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाचाची दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्म पक्षाने जाहीर केलं की आम्ही सत्तेत आलो तर आयएलआर बंदच करू. म्हणून पाच वर्षांत पक्कं होईल असं धरून घर, लग्न, कर्ज यांचे आराखडे बांधू नकोस. झालं तर आनंदच.

आता कधी व्हायला हवी, ते. माझं मत स्पष्ट आहे: सरकारने मुदत जवळजवळ पूर्ण करावी आणि ३ मे २०२९, गुरुवार, या दिवशी मतदान घ्यावं. आणि ही तारीख आदल्या शरद ऋतूतच सांगून टाकावी. ऑगस्टपर्यंत ताणू नये, आणि एखाद्या सकाळी आकडे बरे दिसले म्हणून झटकन जाहीरही करू नये.

हे मी का म्हणते ते सांगते. २२ मे २०२४. सकाळी महागाईचा दर २.३ टक्क्यांवर आल्याची बातमी होती. संध्याकाळी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवर दाराबाहेर उभे राहिले, पाऊस कोसळत होता, छत्री नाही, कोटाचे खांदे भिजून काळे पडलेले, आणि त्यांनी ४ जुलैची तारीख दिली. त्यांच्या स्वतःच्या मंत्र्यांनाही ते अनपेक्षित होतं. दोन दिवसांत संसदेचं काम गुंडाळलं गेलं. त्या वेळी भाडेकरूंना कारण न देता घराबाहेर काढण्याची मुभा बंद करणारं विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, मंजूर होऊन वरच्या सभागृहात आलेलं होतं. संसद विसर्जित झाली आणि ते मेलं. इथे अर्धवट विधेयक पुढच्या संसदेत जात नाही.

जूनमध्ये आम्हाला घरमालकाची नोटीस आली. दोन महिन्यांत घर रिकामं करा, कारण काही नाही. सात वर्षं एकही भाडं चुकवलं नव्हतं. माझ्या मुलीची, आर्याची शाळा तिथून चालत सहा मिनिटांवर होती. ते विधेयक मंजूर झालं असतं तरी लगेच लागू झालं नसतं, हे मला कळतं. पण नव्या सरकारने तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि कायदा व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या काळात किती घरांच्या दारातून अशी पाकिटं आत पडली असतील. आर्याने खोलीच्या भिंतीवर उंचीच्या पेन्सिलच्या खुणा केल्या होत्या. घर सोडताना त्या रबराने पुसायला मी तिच्यासोबत बसले, कारण अनामत रकमेतून पैसे कापले जातील अशी भीती. म्हणून मी म्हणते, तारीख आधी सांगा. हातातली कामं पुरी करा. निवडणुकीची तारीख म्हणजे सत्ताधाऱ्याच्या हातातला पत्ता नव्हे, लोकांची कामं तिच्यावर अडकलेली असतात.

तू म्हणशील, आत्या, कुठला पंतप्रधान आपला फायदा सोडेल? पण फायदा होतो तरी किती वेळा? १९७४ च्या फेब्रुवारीत एडवर्ड हीथ खाणकामगारांच्या संपात ‘देश कोण चालवतं’ असं विचारत लोकांपुढे गेले आणि सत्ता घालवून बसले. जेम्स कॅलहन १९७८ च्या शरदात निवडणूक घेणार असं सगळे धरून चालले होते, ते थांबले. मग तो संपांचा हिवाळा आला. आमच्या वॉर्डातल्या एका निवृत्त सिस्टर तेव्हा लंडनला शिकत होत्या. लेस्टर स्क्वेअरमध्ये रचलेल्या कचऱ्याच्या पिशव्यांचा वास त्यांना अजून आठवतो. २८ मार्च १९७९ ला ३११ विरुद्ध ३१०, एका मताने सरकार पडलं आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर आल्या. गॉर्डन ब्राउन यांनी २००७ च्या ऑक्टोबरात निवडणुकीची हवा होऊ दिली आणि ऐन वेळी मागे घेतली. २०१० ला हरले. थेरेसा मे यांनी मुदतीआधी घेणार नाही असं वारंवार सांगून २०१७ ला घेतली आणि असलेलं बहुमत गमावलं. उलट जॉन मेजर १९९७ ला पार शेवटापर्यंत ताणत गेले, तेही सपाटून हरले.

आणि हे आपल्याला का नवीन आहे? तुझा जन्मही नव्हता, पण दादाला विचार. १९९९ मध्ये महाराष्ट्रात युतीच्या सरकारने लोकसभेबरोबर उरकावी म्हणून विधानसभा सहा महिने आधी विसर्जित केली. दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, तरी सत्ता त्यांच्याकडे गेली. कोल्हापूरला आपल्या घरासमोरच्या कट्ट्यावर किती दिवस त्याचीच चर्चा होती.

मे महिनाच का? मे महिन्याचा पहिला गुरुवार इथे एरवीही स्थानिक निवडणुकांचा दिवस असतो. उजेड रात्री आठ-साडेआठपर्यंत असतो आणि मतदान सकाळी सात ते रात्री दहा. २०१९ ची निवडणूक १२ डिसेंबरला झाली, १९२३ नंतर पहिल्यांदा डिसेंबरात. चारला अंधार, पाऊस, आणि आमच्या शेजारच्या आजी काठी घेऊन ओल्या पानांवरून हळूहळू चाललेल्या. मी हात धरून नेलं. २०२४ ला जुलै निवडला, तर स्कॉटलंडच्या शाळांना तेव्हा सुट्टी लागलेली असते, कित्येकांच्या टपाली मतपत्रिका ते गावाला निघाल्यावर आल्या. ऑगस्टमध्ये तर इंग्लंडच्या शाळाही बंद, विद्यार्थी पांगलेले. मत द्यायला सोपं जावं हा विचार तारीख ठरवताना सगळ्यात आधी यायला हवा.

एकच अपवाद मी करीन. पंतप्रधान बदलला आणि पक्षाने ज्या जाहीरनाम्यावर मतं मागितली होती तोच नव्या माणसाने बाजूला ठेवला, तर वर्षाच्या आत लोकांकडे जावं. नव्याने पंतप्रधान झालेल्या लिझ ट्रस यांचं सप्टेंबर २०२२ चं छोटं अंदाजपत्रक आठव. कुणी त्यासाठी मत दिलं नव्हतं, आणि काही दिवसांत घरकर्जाचे व्याजदर सहा टक्क्यांच्या वर गेले. आम्ही घर घ्यायचं तेव्हाच रद्द केलं. म्हणून तर २०२४ ला भाड्याच्या घरात होतो.

नुसतं सरकार आवडत नाही म्हणून लगेच निवडणूक घ्या, हे मात्र मला पटत नाही. २०२४ च्या शेवटी तशी मागणी करणाऱ्या अर्जावर सुमारे ३० लाख सह्या झाल्या, संसदेत चर्चाही झाली. मजूर पक्षाला ३४ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ४११ जागा, हे माझ्याही मनाला खटकतं. पण पाच वर्षांसाठी दिलेलं काम सहा महिन्यांत काढून घेतलं, तर अवघड काम कुणी हातातच घेणार नाही.

आणि एक गोष्ट तुला इथे कुणी आपणहून सांगणार नाही. तू भारताचा नागरिक, म्हणजे राष्ट्रकुलाचा. वैध व्हिसावर इथे राहत असशील तर पहिल्या दिवसापासून तुला संसदेसाठी मत देता येतं, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. मला २०१७ ला हे वॉर्डातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा खरं वाटेना. चर्चच्या हॉलमध्ये गेले, पत्ता सांगितला, हातात कागद दिला. आत प्लायवूडचा आडोसा आणि दोरीला बांधलेली बोटाएवढी पेन्सिल. बोटाला शाई नाही, बटण नाही, बीप नाही. नावासमोर फुली मारताना माझा हात थरथरला, आपण या देशात कुणीतरी आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आता ओळखपत्र दाखवावं लागतं, आपला निळा पासपोर्ट चालतो. आणि एका मताने काय होतं असं म्हणू नकोस: २०२४ ला आमच्या लेस्टर दक्षिण मतदारसंघात मजूर पक्षाचे मोठे नेते ९७९ मतांनी हरले, आणि मे २०२५ च्या रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत निकाल ६ मतांनी लागला.

तेव्हा ये. पण आधी हे बघ: पगार ४१,७०० च्या वर आहे ना, आणि तुझ्या कामाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो भरतोय ना. कंपनीचा स्पॉन्सर परवाना चालू आहे का ते सरकारी यादीत स्वतः तपास, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. कंपनी भरणार का हे लेखी घे. इथे आल्यावर नॅशनल इन्शुरन्स नंबर मिळाला की त्याच संध्याकाळी मतदारयादीत नाव घाल, दहा मिनिटांचं काम आहे, पुढे बँकेत कर्ज मागतानाही त्याचा उपयोग होतो.

सीओएस, म्हणजे कंपनीचं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र, हातात आलं की मला फोटो पाठव, मी एकदा नजरेखालून घालते. आणि वहिनीला म्हणावं, मँचेस्टर ते लेस्टर ट्रेनने येता येतं. पहिले दोन शनिवार-रविवार तू आमच्याकडेच जेवणार आहेस.