85 पैकी 19: विरोधी बाकावरच्या पार्षदबाईंस

लोकमान्य नगर, इंदूर

चि. पार्षदबाईंस, अनेक आशीर्वाद.

2022 मध्ये इंदूर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, 85 जागांपैकी 64 सत्तापक्षाला मिळाल्या, तुमच्या पक्षाच्या वाट्याला 19. म्हणजे मतदानाने तुम्ही एकही ठराव पाडू शकत नाही. हे मनाशी पक्कं केलंस की काम सोपं होतं: समोरच्याकडून आकडा वदवून घ्यायचा आणि कार्यवृत्तात नोंदवायला लावायचा.

1963 चा लोकसभेतला, नेहरू सरकारविरुद्धचा कृपलानींचा अविश्वास प्रस्ताव 62 विरुद्ध 347 मतांनी पडला. लक्षात राहिले ते लोहियांचे तीन आणे. 27 कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असं त्यांनी सभागृहात मांडलं आणि पंतप्रधानांना 15 आण्यांचा हिशेब द्यावा लागला.

"पाण्याची स्थिती गंभीर आहे, प्रशासन काय करतंय?" हा प्रश्न नव्हे, भाषण झालं. उत्तर येणार, "कार्यवाही सुरू आहे." त्याऐवजी असं लिही: "माझ्या वॉर्डाच्या टाकीतून 1 एप्रिल ते 30 जून या काळात नर्मदेचं पाणी किती दिवस सुटलं नाही? टँकरवर किती खर्च झाला?" विषय एकच, काळ तारखांनी बांधलेला, उत्तर लेखी. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज कर. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. अर्जात "का" विचारू नकोस, तिथेच अर्ज अडकतात. टाकीच्या लॉगबुकची (नोंदवहीची) प्रत माग, टँकरच्या बिलांची प्रत माग.

बजेट वाचताना सगळ्यांची नजर पुढच्या वर्षाच्या रकान्यावर असते, कारण महापौरांचं भाषण त्यावरच असतं. तू मागच्या वर्षाच्या रकान्यांकडे जा. समजा ड्रेनेजला 10 कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात 6 झाले आणि प्रत्यक्ष खर्च 3. मग विचार: निविदा कधी निघाली, कार्यादेश कोणत्या तारखेचा, मोजमाप पुस्तिकेत किती मीटर पाइप चढलाय? या तीन कागदांत पैसे कुठे अडकले ते बहुतेक वेळा सापडतं.

आणि बजेटच्या दिवशी सभात्याग करू नकोस. कॅमेऱ्यात छान दिसतं, पण आत राहिलेले दहा मिनिटांत सगळं मंजूर करून मोकळे होतात. 14 मार्च 2018 ला लोकसभेत गदारोळ चालू असताना सगळ्या अनुदान मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना पार पडलं. दोष सत्तेचाही होताच, पण खर्चावर बोलायची संधी गेली ती विरोधकांचीच.

विरोधी नेत्याची खोली कुणाला, यावर तुमच्यात भांडण होईलच. त्यात वेळ घालवू नकोस. 2014 मध्ये काँग्रेसकडे 44 खासदार होते. तेव्हाच्या लोकसभा अध्यक्ष, आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन यांनी, पक्षाकडे सभागृहाच्या निदान दहा टक्के जागा हव्यात या संकेतावर बोट ठेवून विरोधी पक्षनेतेपद नाकारलं. (हा संकेत पहिले लोकसभा अध्यक्ष मावळंकर यांच्या काळचा. विरोधी पक्षनेत्यांच्या पगाराच्या 1977 च्या कायद्यात दहा टक्क्यांचा उल्लेख नाही, हा वाद वेगळा.) पण पद नसतानाही संसदेच्या 22 सदस्यांच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासूनच्या प्रथेप्रमाणे विरोधकांकडेच राहिलं. कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल तिथेच तपासले जातात.

स्वच्छतेच्या ठरावाला सवयीने विरोध केलास तर वॉर्डातल्या बायकाच हसतील. उभं राहून पाठिंबा दे आणि त्याच दमात विचार, सफाई मित्रांना हातमोजे किती महिन्यांनी मिळतात आणि ठेकेदाराने त्यांचा पीएफ कुठल्या महिन्यापर्यंत भरलाय.

पीएफ भरल्याच्या चलनांच्या (पावत्यांच्या) प्रती मात्र बैठकीच्या आधीच मागवून ठेव.