सिटीज: स्कायलाइन्समध्ये काहीही पाडलेलं नसताना लोकसंख्येचा आलेख का कोसळतो?

तुम्ही लिहिलंय की सिटीज: स्कायलाइन्स या शहर वसवायच्या संगणकावरच्या खेळात इंदूर डोळ्यांसमोर ठेवून, मध्ये राजवाड्यासारखा चौक आणि भोवती कॉलन्या असं शहर वसवलं. लोकसंख्या ४० हजारांवर गेली आणि मग एकही घर न पाडता २८ हजारांवर आली. आलेखातल्या सगळ्या रेघा पाहिल्या, तरी कारण सापडत नाही. मीही इंदूरचीच, रामबागेतली, आणि या खेळात मला सगळ्यात जास्त आवडतात ते त्याचे आलेखच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकसंख्येची रेघ सगळ्यात शेवटी हलते. घसरणीच्या आधी काय हललं, ते शोधायला हवं. सगळ्या रेघा एकदम लावल्या की नुसता रंगीत गुंता होतो. त्यातल्या दोन रेघांनी एकमेकींना छेदलं तरी त्यातून फारसं काही कळत नाही, कारण एक माणसं मोजते आणि दुसरी मेगावॉट. बाकीच्या काढून टाका, फक्त लोकसंख्या ठेवा आणि शेजारी मृत्यूंचे आकडे बघा. माझा अंदाज आहे की मृत्यू आधी वाढलेले दिसतील.

आता लोकसंख्येचं माहिती-दृश्य (इन्फो व्ह्यू) उघडा. तिथे वयोगटांचं वर्तुळ आहे: मुलं, किशोर, तरुण, प्रौढ, वृद्ध. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या वर्तुळात आहे. आलेख झालेलं सांगतो, वर्तुळ येऊ घातलेलं. तुम्ही एका दमात मोठ्या कॉलन्या आखल्या असणार. तिथे राहायला आलेली माणसं साधारण एकाच वयाची असतात. ती एकत्र म्हातारी होतात आणि एकत्रच जातात. खेळाडू याला ‘डेथ वेव्ह’, म्हणजे मृत्यूंची लाट, म्हणतात. वृद्धांचा तुकडा फुगत चालला की लाट जवळ आली समजा. वृद्ध कामावर जात नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा त्याआधीच कारखान्यांवर ‘कामगार कमी’ची खूण दिसायला लागते. मग शववाहिका अपुऱ्या पडतात, मृतदेह घरांतच राहतात, इमारती ओस पडतात आणि कराचं उत्पन्न घटतं.

यातला घात पुढे आहे. घरं रिकामी झाली की घरांची मागणी दाखवणारी हिरवी पट्टी उंच चढते. आपल्याला वाटतं, लोकांना घरं हवीत! आपण पुन्हा एकदम मोठा भाग ब्रशने हिरवा रंगवतो, म्हणजे घरांसाठी आखतो, पुन्हा एकाच वयाची माणसं येतात आणि पुढच्या लाटेची तयारी आपणच करून ठेवतो. लोकसंख्येचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत असेल, तर हेच चाललंय. १९१८ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. हिरवी पट्टी दिसताच ब्रश फिरवणं म्हणजे याच्या नेमकं उलट.

वाहतूक किती सुरळीत आहे ते सांगणाऱ्या टक्केवारीवर या काळात अजिबात विसंबू नका. माणसं कमी झाली की रस्ते मोकळे होतात आणि आकडा सुधारतो. शिवाय फार वेळ अडकलेल्या गाड्या खेळ मुळातूनच गायब करतो, त्यामुळे तुंबलेल्या चौकातही टक्केवारी बरी दिसू शकते. त्यापेक्षा नकाशावर लाल झालेले रस्ते बघा. स्मशानभूमीतून निघालेल्या शववाहिका कुठल्या चौकात अडकतात, हेही तिथेच कळेल.

पैशांचं थोडक्यात: शिल्लक आणि साप्ताहिक उत्पन्न या वेगळ्या गोष्टी आहेत. मोठी इमारत घेतली की शिल्लक एकदम खाली येते, त्याची काळजी नको. उत्पन्न आठवड्यामागून आठवडा उतरत असेल, तर मात्र खरा धोका.

आत्ता लगेच काय करायचं? नवी घरं थांबवा, हिरवी पट्टी कितीही चढू दे. स्मशानभूमी भरली असेल तर ती रिकामी करायचं बटण आहे, पण आधी जवळ एखादं दहनगृह चालू असू द्या. लाट ओसरली की एका वेळी दोन-चार गल्ल्याच आखा आणि पुढच्या आखण्याआधी मध्ये खेळातले काही महिने जाऊ द्या. वयोगटांच्या वर्तुळाचा एक स्क्रीनशॉट इथे टाकलात, तर पुढची लाट किती मोठी असेल त्याचा अंदाज सांगता येईल.