लघुग्रह आणि त्यांच्यावरच्या मोहिमा घरबसल्या, फुकटात शिकायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बारावी सायन्सला आहात, घरात एक जुना लॅपटॉप आहे आणि ‘चांगला कोर्स किंवा यूट्यूब चॅनल’ हवं आहे. कोर्सचं शेवटी बघू. व्हिडिओ बघून लघुग्रह कळत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हिडिओवाल्यांनीच आधी ‘मुंबईवर लघुग्रह आदळणार’ म्हणून मेसेज फिरवले आणि आठवड्याभरात तीच मंडळी ‘नासाने पलटी मारली’ म्हणून हसत होती. दोन्ही वेळा चुकली. त्यातल्या काहींशी माझा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा हे उत्तर थोडं त्या अंगाने जाणार.

त्याच लघुग्रहापासून सुरुवात करा: २०२४ वायआर४. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचं ‘स्मॉल बॉडी डेटाबेस लुकअप’ हे पान उघडा आणि त्यात हे नाव इंग्रजीत टाका. पण आधी नाव वाचायला शिका. २०२४ हे शोधाचं वर्ष. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, कारण वर्षाच्या २४ पंधरवड्यांना ए ते वाय अशी अक्षरं दिली आहेत, मधलं आय सोडून. पुढचं आर हे आय वगळता सतरावं अक्षर. आणि ४ म्हणजे पंचवीस अक्षरांची (ए ते झेड, आय सोडून) माळ चार वेळा संपून गेली. ४ × २५ + १७ = ११७. त्या पंधरवड्यात नोंदलेला एकशे सतरावा लघुग्रह.

पान उघडलं की सगळ्यांची नजर कक्षेच्या चित्रावर जाते. चित्र राहू द्या. आधी तीन गोष्टी बघा: निरीक्षणं किती दिवसांची आहेत (डेटा आर्क), किती निरीक्षणं वापरली, आणि ‘कंडिशन कोड’ किती. हा कोड ० ते ९ असतो. ० म्हणजे कक्षा पक्की, ९ म्हणजे देवाक काळजी. त्याखाली कक्षेच्या प्रत्येक आकड्यासमोर त्याची अनिश्चितता दिलेली असते. तो रकाना ज्याने वाचला नाही त्याने पान उघडलंच नाही असं मी धरतो.

आता वादाचा मुद्दा. वायआर४ सापडला २७ डिसेंबर २०२४ ला, चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला. त्याआधी दोनच दिवस, नाताळला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार कि.मी.वरून निघून गेला होता. म्हणजे सापडला तेव्हाच तो पाठमोरा होता, रोज लांब जात होता आणि रोज फिका पडत होता. अशा महिन्याभराच्या निरीक्षणांवरून २२ डिसेंबर २०३२ ला तो कुठे असेल ते सांगायचं होतं.

हे गणित डोळ्यांसमोर आणायचं तर ताटात १००० तांदूळ घ्या. प्रत्येक दाणा म्हणजे त्या दिवशीची त्याची एक शक्य जागा. त्यातले १२ हळदीत भिजवून अक्षता करा आणि ताटाच्या एका कडेला एकत्र ठेवा. या जागी पृथ्वी आहे. शक्यता १.२ टक्के, साधारण जानेवारीअखेरीस होती तेवढी. नवीन निरीक्षण आलं की काही जागा बाद होतात, तेवढे दाणे काढून टाका. पांढरे ६०० गेले, अक्षता तिथेच. १२ भागिले ४००, झाले ३ टक्के. लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने तसूभरही सरकला नाही, फक्त ताटातले दाणे कमी झाले. पुढच्या खेपेला ज्या कडेला अक्षता आहेत ती कडच बाद झाली की शक्यता एकदम शून्याजवळ.

नेमकं हेच घडलं. मध्ये १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आली आणि चंद्रप्रकाशात इतका फिका ठिपका टिपणं अवघड झालं. चंद्र बाजूला झाल्यावर ताजी निरीक्षणं आली आणि १८ तारखेला आकडा ३.१ टक्क्यांवर गेला. २४ तारखेला तो ०.००४ टक्के होता. युरोपीय अवकाश संस्था वेगळं गणित मांडत होती, तिचा आकडाही असाच चढून असाच कोसळला. जो लघुग्रह शेवटी चुकणार असतो पण जवळून जाणार असतो, त्याचा आलेख बहुधा असाच दिसतो. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस या लघुग्रहाचा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता, तोही असाच उतरला. याला पलटी म्हणणारा माणूस हवामानखात्यावर चिडणाऱ्याच्या पंक्तीतला.

आणि मुंबई? धोक्याचा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र करत दक्षिण आशियापर्यंत होता. त्या रेषेवर मुंबई होती, कोलकाता होतं, ढाका होतं, लागोसही होतं. ३.१ टक्के हे अख्ख्या पट्ट्याचे मिळून. मुंबईच्या वाट्याला त्यातला चतकोरही नव्हता.

गंमत म्हणजे याच पानावर ‘पीएचए’, म्हणजे धोकादायक होऊ शकणारा लघुग्रह, या रकान्यात वायआर४ समोर ‘नाही’ असतं. ती व्याख्या वेगळी आहे: कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या ०.०५ खगोलीय एकक, म्हणजे सुमारे ७५ लाख कि.मी.च्या आत यायला हवी आणि एच हा आकडा २२ किंवा त्याहून कमी हवा. आदळण्याच्या शक्यतेचा तिथे संबंधच नाही. बातमीत ‘धोकादायक लघुग्रह’ वाचलं की हे आठवा.

एच म्हणजे निरपेक्ष तेजस्विता, म्हणजे ठरावीक अंतरावरून तो किती उजळ दिसेल ते, आणि त्यावरून व्यास तुम्हीच काढा. कि.मी.मधला व्यास = १३२९ भागिले अल्बेडोचं वर्गमूळ, गुणिले १० चा उणे (एच भागिले ५) घात. वायआर४ चा एच सुमारे २४. अल्बेडो, म्हणजे पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशातला किती भाग परत फेकतो तो आकडा, ०.२५ धरला तर ४२ मीटर, ०.०५ धरला तर ९४ मीटर. बातम्यांत ‘४० ते ९० मीटर’ आलं होतं ते इथून. पृष्ठभाग किती काळा हे माहीत नसलं की एकाच तेजस्वितेत लहान उजळ दगडही बसतो आणि मोठा काळाही. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त किरणांत त्याची उष्णता मोजली, तेव्हा आकार साधारण ६० मीटरवर आला. बातमीतला व्यास हा मोजलेला आहे की एचवरून काढलेला, हे विचारायची सवय लावा.

यानंतर जेपीएलचंच ‘हॉरायझन्स’: कोणती वस्तू आकाशात कधी कुठे असेल याचा तक्ता ते काढून देतं. सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात रुक्ष. ‘ऑब्झर्व्हर टेबल’ निवडा, लक्ष्य टाका, तुमचं ठिकाण टाका (पुणे असेल तर १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व), तारखा टाका, आणि यादीतले १, ४, ९ आणि २० एवढेच रकाने ठेवा: आकाशातली जागा, दिशा व उंची, तेजस्विता आणि अंतर. इथे लोक तीन ठिकाणी हमखास आपटतात. पहिलं, व्हेस्टा या ४ क्रमांकाच्या लघुग्रहासाठी नुसतं ४ टाकलं तर मंगळ येतो. ४ च्या पुढे अर्धविराम (;) द्यावा लागतो. दुसरं, वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका. तिसरं, ठिकाण भूकेंद्र ठेवलं तर अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून येतं. २०२९ मध्ये अपोफिस किती जवळून जाणार यावर कुणी ३८ हजार कि.मी. सांगतं, कुणी ३२ हजार. दोघंही बरोबर आहेत, मध्ये पृथ्वीची त्रिज्या आहे.

लघुग्रह स्वतः शोधायचा असेल तर दोन वाटा. सोपी वाट म्हणजे झूनिव्हर्स या संकेतस्थळावरचा ‘डेली मायनर प्लॅनेट’ प्रकल्प. कॅटलिना सर्वेक्षणाच्या चार-चार प्रतिमा ब्राउझरमध्येच दिसतात, त्यांत ठिपका सरकतोय का तेवढं सांगायचं. दुसरी आयएएससी या लघुग्रह-शोध उपक्रमाची मोहीम: गट करून नाव नोंदवायचं, पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या चार प्रतिमांचा संच मिळतो, तो अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या विंडोज प्रोग्रॅममध्ये उघडून ‘ब्लिंक’ करायचा, म्हणजे चारही प्रतिमा एकामागून एक झरझर बघायच्या.

यात नवखा फसतो तो हॉट पिक्सेलवर. कॅमेऱ्यातला बिघडलेला पिक्सेल खरं तर जागचा हलत नाही. पण चार प्रतिमा घेताना दुर्बीण किंचित सरकलेली असते, आणि प्रोग्रॅम ताऱ्यांवर तारे बसवतो. मग तारे स्थिर राहतात आणि बिघडलेला पिक्सेलच सरळ रेषेत चालायला लागतो, अगदी लघुग्रहासारखा. ओळखायचा कसा? ठिपक्यावर क्लिक करा. शेजारच्या ताऱ्याचा ठिपका चार-पाच पिक्सेल पसरलेला, डोंगरासारखा उतरता दिसतो. हा खिळ्यासारखा उभा आणि एका पिक्सेलचा. खरा लघुग्रह ताऱ्याइतकाच पसरट दिसतो, चारही प्रतिमांत जवळपास तेवढाच उजळ असतो आणि सारख्या वेळात सारखंच अंतर कापतो. सिग्नल-नॉइज, म्हणजे ठिपका आजूबाजूच्या गोंधळापेक्षा किती पट ठळक ते, ५ च्या खाली असेल तर मी तरी पाठवणार नाही. आणि काम सुरू करण्याआधी ज्ञात लघुग्रहांची फाइल ताजी करा, नाहीतर इतरांनी कधीच शोधलेल्या लघुग्रहावर पेढे वाटाल.

पेढ्यांवरून आठवलं. ‘आमच्या विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला, नासाचं प्रमाणपत्र’ ही बातमी दर सहा महिन्यांनी येते. मुलांचं कौतुक व्हावंच, पण ती बहुतेक वेळा प्राथमिक नोंद असते. पुढे इतर रात्रींच्या निरीक्षणांशी ती जुळली तर तात्पुरतं नाव मिळतं, आणि कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला अनेक वर्षं जातात. नाव सुचवायचा हक्क त्यानंतर. प्रमाणपत्र सहभागाचं असतं. शाळांना हे माहीत असतं. बातमी देताना विसरतात.

मोहिमांबद्दल थोडक्यात: दहा मोहिमांच्या याद्या पाठ करू नका, एकच घ्या आणि तिचं काय काय बिघडलं ते वाचा. मी ओसायरिस-रेक्स घेईन, बेन्नू या लघुग्रहावरून नमुना आणणारी नासाची मोहीम. दुर्बिणींनी बेन्नूचं तापमान कसं चढतं-उतरतं ते पाहिलं आणि पृष्ठभाग वाळूसारखा बारीक असेल असा अंदाज बांधला. डिसेंबर २०१८ मध्ये यान पोचलं तर सगळीकडे धोंडे. ते इतके सच्छिद्र की वाळूसारखे झटपट तापत आणि निवत होते. ५० मीटर रुंद मोकळी जागा गृहीत धरली होती, मिळाली जेमतेम १६ मीटरची. २० ऑक्टोबर २०२० ला यानाचा हात पृष्ठभागाला लागला तर वाटेत घट्ट असं काही लागलंच नाही, तो सरळ आत रुतला. नमुना इतका भरला की झडपेत दगड अडकून माल सांडायला लागला, म्हणून वजन न करताच डबा बंद केला. २४ सप्टेंबर २०२३ ला तो अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरला. मग ३५ पैकी दोन स्क्रू निघेनात. त्यांच्यासाठी वेगळी हत्यारं करून घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये झाकण उघडलं. ६० ग्रॅम हवे होते, १२१.६ मिळाले. या मोहिमेच्या प्रतिमा आणि मोजमापं फुकट उपलब्ध आहेत, नासाच्या ‘पीडीएस स्मॉल बॉडीज नोड’ या माहितीसाठ्यावर.

कोर्स करायचाच असेल तर खगोलशास्त्राची ओळख करून देणारा कुठलाही चालेल. केप्लरचे नियम आणि तेजस्वितेचं माप एवढं आलं की बस. चांगला यूट्यूब चॅनल असेलही, मी त्या वाटेला जात नाही, त्यामुळे माझ्या मतावर फार विसंबू नका. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका मोबाइलवर चालत नाही. आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर असेल तर आयएएससीच्या मोहिमेत आत्ता नाव घालू नका, महिनाभर संच येत राहतात आणि गटातले बाकीचे खोळंबतात.

तोवर हे करा. अपोफिस पृथ्वीच्या सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिल २०२९ ची, म्हणजे आंबेडकर जयंतीची, पहाट असेल, साधारण ३ वाजून १६ मिनिटं. हॉरायझन्समध्ये ९९९४२ (अपोफिसचा क्रमांक, पुढे अर्धविराम) आणि तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकून त्या रात्रीचा तक्ता काढा. उंचीच्या रकान्यात उणे आकडा म्हणजे क्षितिजाखाली. तुमच्याकडून तो कधी दिसतो, किती तेजस्वी दिसतो ते खाली कमेंटमध्ये टाका, मी माझ्या तक्त्याशी ताडून बघतो.