'जनुक वाढलं' म्हणू नका. आणि अभिव्यक्तीतलं अंजन

शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमेत इन्फेक्शन झालं की पेशींत काय बदलतं यावर रिसर्च करणारी आपल्या सोलापूरची एक मुलगी विचारते, 'जीन एक्स्प्रेशन'ला (म्हणजे जनुकातली माहिती पेशीत प्रत्यक्ष कामाला लागण्याला) 'अभिव्यक्ती' म्हणू का 'आविष्कार', आणि 'जखमेत अमुक जनुक वाढलं' असं लिहिलं तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही चालणार! हे 'जनुक वाढलं' भाषणांत, व्हॉट्सॲपवर ऐकून ऐकून वैतागलोय मी. जनुक पेशीत आहे तेवढंच राहतं, वाढतात त्याच्यावरून उतरवलेल्या आरएनएच्या प्रती. सातबाऱ्याचे दहा उतारे काढले म्हणून रान दहापट होतं का?

आता अभिव्यक्ती. अर्थ सगळ्यांना माहिताय, तो सोडा, मूळ बघा. अभि, वि आणि अञ्ज् हा धातू. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ दिलेत 'व्यक्तिम्रक्षणकान्तिगतिषु', म्हणजे प्रकट करणं, माखणं, चमकणं, जाणं (आपलं 'माखणं' त्या म्रक्षणातूनच आलंय). डोळ्यातलं अंजन याच धातूचं, आणि ताटातलं व्यंजनसुद्धा. कडक भाकरी आधी नुसती खा आणि मग शेंगाचटणीवर दही घालून तिच्याबरोबर खा, ज्वारीची गोडी दुसऱ्या घासाला कळते, ती भाकरीत पहिल्यापासून होतीच, चटणीनं ती बाहेर आणली, व्यंजनाचं काम ते हेच.

आणि लॅबमध्ये काय चालतं बघा. आरएनए काढायचा, त्यावरून उलटा डीएनए लिहून घ्यायचा, पीसीआरला लावायचा (म्हणजे दर फेरीला, सायकलला, त्याच्या प्रती साधारण दुप्पट करत न्यायच्या), आणि नळीत सायबर ग्रीन नावाचा रंग असतो, तो दुपदरी डीएनएला चिकटला की चमकतो, चमक जितकी लवकर दिसेल तितक्या मूळ प्रती जास्त, एक सायकल आधी दिसली तर साधारण दुप्पट. माखणं, चमकणं, प्रकट होणं, धातूचे तीन अर्थ एका नळीत! लॅटिनमधल्या एक्स्प्रेशनचा मूळ अर्थ नुसता दाबून बाहेर काढणं, उसाचा रस काढतो तसं. म्हणून माझं ठाम मत आहे, या कामाला आपला शब्द इंग्रजीपेक्षा जास्त चपखल बसतो. 'अभिव्यक्ती' कवितेचा शब्द, विज्ञानाला 'आविष्कार'च हवा असं सांगणाऱ्या जाणकारांनी धातुपाठ उघडलेला नाही, एवढंच म्हणतो. शिवाय 'आविष्कार' म्हटलं की निम्म्या पोरांना त्याचा हिंदीतला अर्थ, म्हणजे नवा शोध लावणं, आठवतो.

तर पोरी, 'अभिव्यक्ती वाढली' असं लिही, आणि कशाच्या तुलनेत तेही लिही. जीएपीडीएच हे जनुक मोजपट्टी म्हणून सर्रास घेतात, पण त्याचं एन्झाइम ग्लुकोज फोडायच्या कामातलंच आहे, तेव्हा शुगरच्या पेशंटमध्ये ते स्थिर राहतं का हे आधी तपासून घे.