हवामानबदल खरंच माणसामुळे होतोय का? आणि उपायांचा खर्च झेपेल का?

हो, माणसामुळेच. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो 420 च्या वर गेलाय. सूर्याचा दोष असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते; ते उलट थंड होताहेत.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या इंदूरकडे बघा. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून उपसून शहरापर्यंत चढवायचं म्हणजे विजेचं बिल अवाढव्य. म्हणून महापालिकेने 2023 मध्ये हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जातून, 244 कोटी उभे केले, जलूदलाच 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. पैसा लागतोच, पण बिलही कमी होतं. हातावर हात ठेवून बसलो तर भुर्दंड माळव्यातल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला, ज्याचा यात दोष सगळ्यांत कमी.